खाडीकाठचा कॅमेरा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली बरीचशी पत्रं ऐरोली ते बेलापूर या खाडीकाठावरची आहेत, दोन-चार ठाण्याची. ‘कोणती लेन्स घेऊ?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक पत्रात आहे. तो आम्ही मुद्दाम बाजूला ठेवला, कारण त्याच पत्रांत पुढे ज्या तक्रारी आहेत त्यांतल्या बहुतेक नवी लेन्स घेऊन सुटणाऱ्या नाहीत. पाणी, ऊन आणि दमट हवा यांचं वेळापत्रक कळलं की अर्धी कटकट संपते.

प्रश्न: मी दर रविवारी सकाळी सातला सीवूड्सच्या खाडीकाठी जातो. एका रविवारी हजारो रोहित (फ्लेमिंगो) दिसतात, पुढच्या रविवारी नुसतं पाणी. हे पक्षी नेमके कधी येतात? — एक वाचक, सानपाडा

उत्तर: हंगाम असेल, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे, तर पक्षी खाडीत रोजच असतात. तुम्ही घड्याळ बघून जाता, ते पाणी बघून हलतात. ओहोटीला गाळ उघडा पडला की रोहित तिथे चरायला उतरतात. भरतीचं पाणी चढलं की उठून आतल्या पाणथळीत विश्रांतीला जातात, नेरूळला टी. एस. चाणक्य या नौकानयन संस्थेमागची पाणथळ आणि डीपीएस शाळेजवळचा तलाव या त्यांच्या ठरलेल्या जागा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक जवळपास सहा तासांचा होतो. म्हणून या रविवारी सातला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, असेल तर पुढच्या रविवारी सातला पाणी काठोकाठ. तुमचा एकाआड एक रविवार वाया जातो तो यामुळे.

मोबाइलवर तक्ता बघता येतोच, पण कॅलेंडरवरून तोंडी हिशेबही होतो. कोकणात सगळीकडे चालतो तोच: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, आणि तिच्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला. छापील तक्ता मुंबईच्या अपोलो बंदराचा असतो. आत ऐरोलीकडे पाणी पोहोचायला त्याहून थोडा उशीर होतो.

आता उजेड. वाशी-नेरूळचा काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, पक्ष्यांवर समोरून ऊन पडतं, गुलाबी रंग खरा येतो. संध्याकाळी तोच सूर्य त्यांच्या मागे, त्यामुळे काळ्या आकृत्या मिळतात, रंग नाही. रंग हवा तर सकाळ, आकार हवा तर संध्याकाळ, यात तडजोड करून काही साधत नाही.

दोन्ही गोष्टी जुळवल्या तर उत्तम दिवस निघतात ते पौर्णिमा-अमावस्या आणि नंतरचे दोन दिवस. त्या दिवसांत सुकती पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान येते. ऐन सुकतीला पक्षी गाळावर लांब आत पसरलेले असतात, तेव्हा घाई करू नका. पाणी भरायला लागलं की ते त्यांना काठाकडे ढकलत आणतं, आणि सुकतीनंतरचे दोन ते तीन तास, म्हणजे साडेसात ते नऊ-साडेनऊ, हा सगळ्यात जवळचा वेळ. अष्टमी-नवमीच्या सकाळी मात्र काठावर थांबू नका, पाणथळीकडे जा. पाणथळीत पुरेसं पाणी आहे का हे आदल्या दिवशी बघून ठेवा. तिथला तळ सुकलेला असला तर पक्षी उतरत नाहीत.

जाता जाता एक्स्पोजर. काळ्या गाळावरच्या पांढऱ्या-गुलाबी पक्ष्याला कॅमेरा नेहमी जास्त उजळवतो, पिसांचा तपशील जातो. कॅमेऱ्यातली एक्स्पोजरची भरपाई (कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते उणे १ ठेवा. तोच पक्षी उडून आकाशावर आला की उलटं होतं, तो काळवंडतो; तिथे अधिक ०.७ ते अधिक १. उडत्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या १/२००० ला, चरणाऱ्याला १/५०० पुरे. आणि गाळात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि पाणी भरत असतं.

प्रश्न: कर्ज काढून १५०-६०० मिमीची लेन्स घेतली. झाडावरचा खंड्या कडक (शार्प) येतो, पण खाडीतले पक्षी सगळे मऊ, पाण्यात बुडवून काढल्यासारखे. दुकानदार म्हणतो लेन्स चांगली आहे. — एक वाचक, करावे

उत्तर: दुकानदार बहुधा बरोबर बोलतोय. जवळचं कडक आणि लांबचं मऊ, म्हणजे पहिला संशय तापलेल्या हवेवर. ऊन चढलं की गाळ, पाणी आणि काठावरचा डांबरी रस्ता वेगवेगळे तापतात, मधली हवा थरथरते आणि प्रत्येक किरण थोडा वाकतो. त्यावर कुठलीही लेन्स, कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. साडेनऊ-दहानंतर दोनशे मीटरवरचा पक्षी कडक येईल ही अपेक्षा सोडा.

खात्री करायची तर अशी करा. लांबचा एखादा स्थिर खांब किंवा नांगरलेली होडी निवडा, शटर १/२०००, आणि सलग वीस फ्रेम मारा. संगणकावर शंभर टक्के मोठ्या करून एकामागून एक बघा. प्रत्येक फ्रेममध्ये कड वेगळीच वाकलेली आणि मधूनच एखादी फ्रेम कडक, तर दोष हवेचा. सगळ्या फ्रेम सारख्याच मऊ, तर फोकस चुकतोय किंवा लेन्स बिघडलेली. सगळ्या एकाच दिशेला फराटल्यासारख्या, तर हात हललाय. हीच चाचणी सकाळी साडेसहाला पुन्हा करा, उत्तर हातात येईल.

त्यात आणखी तीन गोष्टी मिसळतात. लेन्सच्या तोंडावर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढून टाका. छोट्या लेन्सवर तो खपतो, ६०० मिमीला लगेच दिसतो. एसी चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढू नका, कारण आतली थंड आणि बाहेरची गरम हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशीच घुसळते. दहा मिनिटं आधी एसी बंद करून सगळ्या काचा खाली घ्या. आणि पाम बीच मार्गाच्या पलीकडून, रस्त्यावरून पार फोटो काढताय का ते बघा. डांबर मध्ये नको, काठावर जा.

शेवटचा हिशेब थोडा निराश करणारा आहे. क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरवर ६०० मिमीला, दोनशे मीटरवर फ्रेमची रुंदी भरते जवळपास आठ मीटर. चोवीस मेगापिक्सेलमध्ये त्या अंतरावरचा छोटा रोहित उंचीला सातशे पिक्सेलच्या आसपास बसतो. फोनच्या पडद्यावर ठीक, भिंतीवर लावायला नाही. एवढ्या अंतरावरून एक पक्षी कापून काढण्यापेक्षा थवा घ्या.

प्रश्न: दिवाळे गावात मासळी बाजाराचे फोटो काढते. दोन अडचणी आहेत: फोटोत आडवे काळे पट्टे येतात, आणि ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळे पडतात. — एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर: पट्टे दिव्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. तुमचा शटर १/२५० किंवा १/५०० असला की फ्रेमचा एक भाग प्रखर क्षणी आणि दुसरा मंद क्षणी उघडतो. इलेक्ट्रॉनिक म्हणजे सायलेंट शटरवर हे जास्तच उठून दिसतं, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० वर या. प्रत्येक फ्रेमला दिव्याचं पूर्ण आवर्तन मिळतं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करा, मग १/२५० लाही बरंच निभावतं. १/१०० ला कोयता चालवणारा हात थोडा हलेल. तो हलू द्या, चेहरा स्थिर असला म्हणजे झालं. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न घाबरता जा.

निळ्या चेहऱ्यांचं दुखणं वेगळं. ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड निळा, वर टांगलेला बल्ब पांढरा किंवा पिवळा, आणि बाजूने येणारं ऊन तिसऱ्याच रंगाचं. व्हाइट बॅलन्स एका वेळी एकच उजेड सुधारतो. चेहरा सुधारलात तर पापलेट केशरी दिसेल. त्यामुळे फोटो काढायच्या आधी उजेड निवडा. ताडपत्रीच्या कडेला बसलेल्या मावशींना बाहेरचा मोकळा उजेड एका बाजूने मिळतो. तिथे उभं राहा, ताडपत्रीच्या पोटात शिरू नका. आत काढायचंच तर करड्या कार्डावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, फाइल रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात ठेवा, आणि तरी जमलं नाही तर कृष्णधवल करा. ती पळवाट नाही, मिश्र उजेडात कित्येकदा तोच शहाणपणा असतो. पापलेट-सुरमईची चकाकी पटकन जळते म्हणून उणे ०.३ ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट. भवानी व्हायच्या आधी समोर कॅमेरा धरलेला कोणालाच आवडत नाही. आधी मासळी घ्या, मग ‘मावशी, एक फोटो काढू का?’ विचारा, काढलेला तिथेच दाखवा. नाही म्हणाल्या तर नाही. पुढच्या वेळी छापील प्रत नेऊन दिलीत तर बाजारभर फिरायला परवानगी मिळाल्यात जमा.

प्रश्न: लेन्सला बुरशी धरली. कपाटात तांदळाच्या डब्यात ठेवत होतो, तरी. आता काय? — एक वाचक, वाशी

उत्तर: तांदूळ पुन्हा खिचडीकडे पाठवा. त्याची ओल शोषायची ताकद नगण्य, आणि त्याचं पीठ लेन्सच्या फटींत बसतं. डांबरगोळ्या आणि कापूरही नको. त्यांची वाफ काचेवर थर धरते.

बुरशीला हवी असते ती साठपासष्ट टक्क्यांच्या वरची आर्द्रता, अंधार आणि कोंडलेली हवा. पावसाळ्यात खाडीकाठच्या घरात हे तिन्ही फुकट मिळतं. तुम्हाला आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची आहे. त्यासाठी लागणारं सामान साधं: रबरी कडेचं, चारही बाजूंनी चाप असलेलं पंधरा-वीस लिटरचं प्लास्टिकचं खोकं, छोटा आर्द्रतामापक, आणि पाव किलो सिलिका जेल. जेल नारिंगी घ्या, भिजल्यावर हिरवी होते. निळ्या जेलमधलं कोबाल्ट विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर तिचं नाव काढू नका. जाळीच्या पिशवीत भरून तळाला ठेवा, सुटी ओतू नका. तीस टक्क्यांच्या खाली आर्द्रता गेली तर थोडी जेल काढून घ्या, फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण खराब होतं. कॅमेऱ्याची चामडी पिशवी, फोमची बॅग, गळपट्टा हे सगळं खोक्याबाहेर. ओल तिथेच धरून राहते.

जेल हिरवी झाली की स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओटीजीमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा. मायक्रोवेव्ह नको. १२० अंशांहून जास्त तापमानाला नारिंगी रंग करपतो आणि नंतर ती भिजली की नाही हे कळेनासं होतं. तापवलेली जेल उघड्यावर गार केलीत तर गार होता होताच हवेतली ओल पिते. झाकणाच्या डब्यात गार करा.

आता धरलेल्या बुरशीचं. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागच्या बाजूने मोबाइलची बॅटरी तिरकी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे बाहेरच्या काचेवर असतील तर लेन्सच्या द्रावणाने, कापडावर दोन थेंब घेऊन, मधून बाहेर गोल पुसा. द्रावण थेट काचेवर टाकू नका, कडेने आत उतरतं. धागे आतल्या काचेवर असतील तर घरी उघडू नका. दुरुस्तीवाल्याकडे लवकर न्या, कारण बुरशी जितकी राहील तितकं कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग साफसफाईने परत येत नाही. उन्हात लेन्स ठेवण्याचा घरगुती सल्ला धोक्याचा: काचेतून अतिनील किरण फारसे आत जात नाहीत, पण उघडी लेन्स भिंगासारखी ऊन एकवटून पडदा जाळू शकते.

दोन सवयी लावून घ्या. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा, नाहीतर काचेवर धुकं धरतं आणि तेच पाणी आत जातं. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेऱ्याचं अंग पुसा, मग कोरड्याने. आधी ब्लोअर मारा, नंतर कापड. क्रम उलटा केला तर वाळूचे कण घासले जातात. आणि लेन्स वापरत राहा. पेटीत चार महिने पडलेल्या महागड्या लेन्सपेक्षा रोज फिरणारी जुनी लेन्स जास्त टिकते.

प्रश्न: ऐरोलीहून रोहित बघायला बोटीने जाणार आहोत. ट्रायपॉड न्यावा का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर: नको. इंजिनची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. मोनोपॉडही तळाला टेकवू नका. कोपर बोटीच्या कठड्यावर ठेवायचा मोह होतो, तोही टाळा. कोपर छातीशी आवळून, गुडघे सैल ठेवून बसा. शटर १/१६०० च्या वर, लेन्सचं स्थिरीकरण चालू. १००-४०० सारखी झूम पुरते, कारण बोट काठापेक्षा बरीच जवळ जाते. सकाळच्या फेरीत सूर्य पूर्वेला, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूला असतो. पक्षी पश्चिमेला, मुलुंड-भांडुपच्या बाजूला असतील तेव्हा समोरचं ऊन मिळेल. बोटीत बसताना तेवढं बघून बाजू निवडा. फेऱ्या भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून त्या दिवसाची वेळ आधी घ्या. हे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं आणि २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतलं. थवा उठवण्यासाठी टाळ्या-शिट्ट्या वाजवणाऱ्या सहप्रवाशाला गप्प करायची जबाबदारीही तुमचीच.

प्रश्न: खाडीकाठावरून वाशी पुलाचा लाँग एक्स्पोजर घेते. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावूनही पूल हललेला येतो, पाणी मात्र छान गुळगुळीत. — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: पूल जागेवर आहे, तुमचा ट्रायपॉड खचतोय. भरतीरेषेजवळची जमीन वरून वाळलेली आणि खालून लोण्यासारखी असते. तीस सेकंदांत एक पाय दोन मिलिमीटर बसला तरी कड दुहेरी दिसते. तिन्ही पायांखाली प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं किंवा फरशीचे तुकडे ठेवा आणि वरून दाबून पाच मिनिटं बसू द्या. सगळ्यात खालचा, बारीक टप्पा आधी पूर्ण उघडा, म्हणजे त्याचा चाप गाळाच्या वर राहतो. मधली दांडी वर करू नका. लेन्सचं स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर, गळपट्टा काढून ठेवा; वाऱ्यावर फडफडणारा पट्टा हे अगदी नेहमीचं कारण आहे. पुलावर उभं राहून काढत असाल तर मात्र पूल खरंच थरथरतो, त्यावर उपाय नाही.

फोकस आणि चौकट फिल्टर लावायच्या आधी ठरवा आणि ऑटोफोकस बंद करा. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणून सहा स्टॉपचा फिल्टर वेळ ६४ पट करतो, दहा स्टॉपचा १०२४ पट. म्हणजे १/१५ सेकंदाचे पहिल्याने चार सेकंद, दुसऱ्याने ६८. आमच्या मते खाडीला दहा स्टॉप जास्तच होतात. इथे लाटा नाहीतच, चार ते आठ सेकंदांत पाणी निवळतं. त्यापुढे होड्या आणि बगळे फक्त धूर होऊन जातात. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी फिल्टरशिवायच हे एक्स्पोजर मिळतं आणि पुलाचे दिवेही लागलेले असतात.

पाण्यावर लक्ष ठेवा. सुकती ते भरती या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्यातला एक वाटा, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. उधाणाला चार मीटरचा चढ धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला मीटरभर वर येतं. बॅग मागे ठेवा, पुढे नाही.

प्रश्न: अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे, त्याला परवाना लागत नाही म्हणतात. नेरूळला उडवू का? — एक वाचक, घणसोली

उत्तर: नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो, म्हणजे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या, ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्राची सूट आहे, बंदी असलेल्या हद्दीत उडवायची नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ जवळच आहे, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आणि मध्ये अभयारण्य. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात आपली जागा तपासल्याशिवाय बॅटरीसुद्धा लावू नका.

प्रश्न: प्री-वेडिंगचे पैसे घेऊन फोटो काढतो. तेच फोटो माझ्या पेजवर टाकले तर जोडप्याने आक्षेप घेतला. फोटो मी काढलेत, हक्क माझा नाही का? — एक वाचक, खारघर

उत्तर: बहुतेकांना धक्का बसतो, पण नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कोणी मोबदला देऊन सांगितल्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढायला सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. फुकट किंवा स्वतःच्या हौसेने काढलेला फोटो तुमचा. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेला सहसा मालकाचा. ‘वेगळा करार नसेल तर’ हेच तुमच्या कामाचं. बुकिंगच्या कागदावर चार ओळी घाला: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, जोडप्याला छापायला, वाटायला, समाजमाध्यमांवर टाकायला पूर्ण मुभा, छायाचित्रकाराला नमुना म्हणून अमुक इतके फोटो दाखवता येतील, हे नको असेल तर खालच्या चौकोनात खूण करा. सही घ्या, आगाऊ रक्कम नंतर. आणि ज्या जोडप्याने आक्षेप घेतलाय त्यांचे फोटो आजच उतरवा, वाद घालू नका.

तुम्ही पत्रात पाम बीच मार्गावर गाडी लावून काढलेल्या फ्रेमचाही उल्लेख केलाय. तिथली वाहनं ज्या वेगाने जातात त्यात नवरीचा घोळदार पोशाख सांभाळत दुभाजकाजवळ उभं करणं निव्वळ वेडेपणा आहे. अटल सेतूवर तर थांबायलाच मनाई. सागर विहार, ज्वेल ऑफ नवी मुंबई अशा जागा बघा, आणि पैसे घेऊन चित्रीकरण करताय म्हणून आधी महापालिकेकडे परवानगी विचारा.

प्रश्न: माझ्याकडे फक्त फोन आहे. मासुंदा तलावाचे रात्रीचे फोटो धुरकट येतात, दिव्यांभोवती वलयं दिसतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर: फोनची मागची काच पुसा. विनोद नाही: खिशातला घाम आणि बोटांचं तेल हेच त्या वलयांचं कारण. चष्म्याचं कापड ठेवा, शर्टाच्या टोकाने पुसलं तर तेल पसरतं. मग कठड्यावर फोन टेकवून रात्रीच्या मोडमध्ये तीन सेकंद, टायमर लावून. दिव्यावर बोट दाबून धरून फोकस बांधा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. बोटांनी ताणून झूम करू नका; ज्या आकड्यावर फोनची स्वतःची लेन्स आहे, दोन किंवा तीन पट, तिथेच थांबा. तलावपाळीवर, म्हणजे मासुंदाच्या काठी, वारा पडलेला असतो तेव्हा, बहुधा पहाटे, प्रतिबिंब सरळ येतं. संध्याकाळी नौकाविहाराच्या होड्या पाणी ढवळत असतात. पक्ष्यांसाठी घरात ८×४२ ची दुर्बीण असेल तर तिच्या एका डोळ्याला फोन लावून बघा. मधलं अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास जुळलं की काळी कड जाते.

प्रश्न: नारळी पौर्णिमेला सारसोळे किंवा दिवाळ्याला जायचंय. सूर्यास्ताच्या वेळी भरल्या पाण्यात नारळ सोडतानाचा फोटो मिळेल का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर: भरलं पाणी मिळणार नाही. वरचाच हिशेब लावा: पौर्णिमा, म्हणजे पूर्ण भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, आणि सुकती संध्याकाळी सहाच्या आसपास. ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाणी नुकतं कुठे परतायला लागलेलं असतं. जेट्टीच्या पायऱ्या उघड्या, त्यांवर शेवाळ. चपला रबरी तळाच्या घाला. खालून वर बघणारा कोन मात्र त्यामुळेच मिळतो: आकाशावर उचललेले हात आणि नारळ, मागे ढग. त्यासाठी २४ ते ३५ मिमी, शटर १/५००, चेहऱ्यांसाठी अधिक ०.७.

खरे फोटो मिरवणुकीत आहेत, चार ते सहा. गल्ल्या अरुंद, ढगाळ उजेड, मधूनच सर. आयएसओ १६००, शटर १/२५०, एकच लेन्स लावा आणि पावसात ती बदलू नका. दुधाच्या जाड पिशवीला लेन्सएवढं भोक पाडून रबरबँडने बसवलं की आवरण झालं. सोन्याच्या कागदात मढवलेला नारळ फ्लॅशमध्ये पांढरा डाग होतो, फ्लॅश घरी ठेवा. आणि फक्त त्याच दिवशी जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होड्यांना रंग चढत असतो, जाळी विणली जात असतात, आणि तेव्हा तिथे कॅमेऱ्यांची गर्दी नसते.